चौतीस नंबरचे दिवे

आमच्या घरी गाडी नव्हती, पण गाडीचं बोलणं रोज असायचं. बाबा लखनौच्या एका सरकारी दफ्तरात ड्रायव्हर होते. वर्ध्याकडचा तरुण माणूस नोकरीपायी एवढ्या लांब आला, अलीगंजात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, मागे हातभर अंगण, आणि तिथेच आम्ही वाढलो, मी, मित्रा, आणि माझा धाकटा भाऊ राहुल. दफ्तरातल्या गाड्यांना नावं नव्हती, नंबरप्लेटचे शेवटचे आकडे होते. सत्तावीस, एक्केचाळीस, चौतीस. चौतीस ही बाबांची. पांढरी, चार दारांची, नवीकोरी आली तेव्हापासून त्यांच्याच हातात. संध्याकाळी हातपाय धुऊन ते भिंतीला टेकून बसायचे आणि घरातल्या माणसाची तब्येत सांगावी तसं सांगायचे, "आज चौतीस लय खोकलत होती." आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "मंग द्या तिले ओव्याचा काढा. मले तं तुम्ही कधी नाही इचारत." राहुल वहीतून डोकं न काढता हिंदीतच बोलायचा, "आई, तुम्हारी सौत है वो।" आई लाटणं उगारायची, म्हणायची, "थांब पोट्ट्या," आणि बाबा पायाची बोटं मोडत गालातल्या गालात हसायचे.

लखनौत मराठी आडनाव ऐकलं की लोकांना मानक नगरातले रेल्वेचे इंजिनिअर आठवतात. कॉलेजात पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "मेश्राम? महाराष्ट्र से? पापा इंजिनियर हैं?" मी म्हणाले, नाही, ड्रायव्हर आहेत. ती "अच्छा" म्हणाली आणि विषय बदलला. मी बदलला नसता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती पायरी मला कुणी चढवली हे सांगायची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. केमिस्ट्रीची जाड पुस्तकं मी ज्या सायकलवरून आणायची, तिची चेन बाबा दर रविवारी चौतीसच्या उरलेल्या ऑइलचे दोन थेंब टाकून मऊ ठेवायचे.

दफ्तरात एक रीत होती. माणूस निवृत्त होतो त्या दिवशी त्याला दफ्तराच्या गाडीतून घरी सोडायचं. साहेब असो की चपराशी. गळ्यात हार, मांडीवर शाल, आणि बसायचं मागच्या सीटवर डाव्या बाजूला, म्हणजे जिथे साहेब बसतात तिथे. बाबांनी असे कितीतरी लोक घरी सोडले होते आणि प्रत्येकाची गोष्ट त्यांच्याकडे होती. एक बडे बाबू होते, ते गाडी निघाल्यापासून "मेश्राम, ज़रा धीरे" म्हणायला लागले आणि घर येईपर्यंत दर चौकात तेच म्हणत राहिले. एक कडक साहेब, ज्यांच्या बुटांचा आवाज आला की लोक चहा टाकून उठायचे, ते घरासमोर गाडी थांबली तरी बसूनच राहिले. दार आता आपलं आपण उघडायचं असतं हे त्यांच्या लक्षातच येईना. बागेला पाणी घालणारा एक माळी होता, तो मागे बसायला तयारच नव्हता, पुढे तुमच्याजवळ बसतो म्हणाला. बाबांनी त्याला दंडाला धरून मागे बसवलं. "आज आगे नहीं, भैया। आज पीछे।" तो माळी घरी पोचेपर्यंत सीटला पाठ न लावता बसला होता, असं बाबा सांगायचे, आणि हे सांगताना स्वतःही भिंतीपासून पाठ सरळ करायचे.

माझे आजोबा पाटलाच्या बैलगाडीमागून चालत बाजाराला जायचे. गाडी रिकामी असली तरी चालत. हे बाबा फारसं बोलायचे नाहीत. आईच कधीतरी सांगायची. बाबांचं मागणं एकच होतं, आणि ते त्यांनी आमच्याजवळ इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की आम्हाला ते पाठ होतं. रिटायर होईन तेव्हा चौतीसमध्ये मागे बसून घरी येईन. चालवणारा दुसरा कुणी असेल आणि मी खिडकीतून बाहेर बघेन. एवढी वर्षं ह्या शहरात गाडी चालवली, पण शहर पाहिलं नाही, पुढची गाडी पाहिली.

पण बाबांची वेळ आली तोवर दफ्तरात किरायाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्यांचेच ड्रायव्हर यायचे, कानाला फोन लावलेले. जुन्या गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या, आणि चौतीस शेडच्या बाहेर उन्हात उभी राहायची, कधी टपाल आणायला, कधी स्टेशनवर. इंजिन ठणठणीत, पण पुढचे दोन्ही दिवे असे पिवळे पडले होते, जसं हळदीचं पाणी काचेवर वाळून बसावं. बाबांनी साहेबांकडे, म्हणजे ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या मिश्रा साहेबांकडे, गोष्ट काढली. ते वाईट माणूस नव्हते. बाहेर आले, चौतीसच्या तोंडाकडे बघून हसले आणि म्हणाले, "मेश्राम जी, इसकी शक्ल तो देखिए। फोटो खिंचेगी, सब देखेंगे। लाइट साफ़ हो जाए तो ले जाइए, वरना किराए वाली तो है ही।" मोडीत जायच्या गाडीवर दफ्तर आता काही करणार नव्हतं, ते बाबांनाही माहीत होतं. त्यांनी विचारलं, दिवे घरी नेऊन साफ करू का? साहेब म्हणाले, करा.

डिसेंबर संपत आला होता. बाबा जानेवारीच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार होते. एका संध्याकाळी ते दोन्ही दिवे टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि आईच्या पाटावर मांडले. आई म्हणाली, "माय वं, हे काय डोळे काढून आणले तिचे." बाबा म्हणाले, "किरायाच्या गाडीत मी नाही बसत. तो पोट्टा फोनवर बोलत बोलत चालवते."

पहिले काही दिवस घरातल्या प्रत्येकाने आपापली अक्कल चालवली. बाबांनी ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती केली, डिझेलचा बोळा फिरवला. दिवा लखलखीत झाला, आणि सकाळी पुन्हा होता तसा. राहुलने कुणाकडून तरी ऐकलं होतं की टूथपेस्टने निघतं. "हम बता रहे हैं ना, रगड़ के देखो।" घरातली टूथपेस्ट संपली, दिव्याला पुदिन्याचा वास यायला लागला, पिवळेपणा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. आईने कुणाला न विचारता राखेने घासलं, जशी ती बाबासाहेबांच्या फोटोसमोरची पितळी समई घासायची. एका कोपऱ्यावर चरे उठले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आई त्यांच्या ताटाजवळ बसून म्हणाली, "मले काय माहीत हे कचकड्याचं आहे. मले काच वाटली." मग तीही जेवली नाही.

तेव्हा मी पुस्तक उघडलं. दिव्याबद्दल त्यात काही नव्हतं, प्लास्टिकबद्दल होतं, पण तेवढं पुरे होतं. हा मळ नाही, हे मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. कंपनी ह्या प्लास्टिकवर उन्हापासून जपायला एक पारदर्शक लेप देते. तो लेप वर्षानुवर्षं उन्हात जळला आहे. पिवळं दिसतं ते तेच. पुसून काय जाणार? तो सगळा थर घासून काढावा लागेल, आणि मग नवा लेप द्यावा लागेल, नाही तर चार महिन्यांत पुन्हा पिवळं. आणि थिनर लावायचा नाही, थिनरने आतपर्यंत तडे जातील. बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हे तुले कॉलेजात शिकवते?"

"दिव्याचं नाही शिकवत बाबा. प्लास्टिकचं शिकवतात."

"मंग अजून थोडं पुढं जाऊन दिव्यापर्यंत काऊन नाही येत ते लोक?"

पुढे मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा दर वर्षी त्या धड्याला आले की दिव्यापर्यंत जायची.

बाबांनी पाण्यात भिजवून घासायचे रेगमाल, म्हणजे सँडपेपर, आणले, जाड, मध्यम, आणि शेवटचा इतका बारीक की गालावर फिरवला तरी चालेल. अंगणात दोन पाट मांडले, मध्ये कोमट पाण्याची बादली. एक दिवा त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. धुकं असं की शेजाऱ्यांच्या भिंतीवरची तुळस दिसायची नाही. आई दारात बसून मटार सोलायची, शेंग फुटल्याचा टक् आवाज आणि आमच्या कागदाची खसखस, एवढंच ऐकू यायचं. घासलं की दिव्यावरून पिवळट दूध ओघळायचं. मी सांगितलं होतं, हे दूध पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही. एकाच दिशेने, एकाच जोराने. बाबांचा हात माझ्यापेक्षा बरा होता. मी घाईने गोल गोल फिरवायची आणि ते न बघताच म्हणायचे, "आडवं घे." बोटं सुजली, नखांच्या कडा सोलवटल्या. आई मध्येच उठून दोघांच्या हातावर गरम मोहरीचं तेल चोळून जायची, आणि मी ओरडायची की तेलाचे हात दिव्याला लागू देऊ नका, आणि ती म्हणायची, "दिव्याले जप, बापाले नको जपू."

आयुष्यात बाबांजवळ सलग इतका वेळ मी एरवी कधी बसले नाही. ते पहाटे जायचे, साहेब सुटेल तेव्हा यायचे, आणि रविवारी झोपायचे. त्या अंगणात मला पहिल्यांदा कळलं की ते काम करताना बारीक आवाजात बोलतात, कुणाशीच नाही. "हां. आली. आली. अजून थोडी." पहिला जाड कागद फिरवून झाला तेव्हा दिवा आधीपेक्षा भयाण दिसायला लागला, सगळा दुधी, आतलं काहीच दिसेना. बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता, शंकाही नव्हती, नुसती विचारणा होती, जशी आम्ही लहान असताना रस्ता ओलांडायच्या आधी त्यांच्याकडे करायचो. मी म्हणाले, असंच होतं. बारीक कागदाने पुन्हा दिसेल. मला स्वतःला खात्री नव्हती. पण त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घासायला लागले. मला वाटतं, माझं शिक्षण त्यांच्या कामी आलं ते त्या एका मान हलवण्यात. बाकी पदव्या मी माझ्यासाठी मिळवल्या.

शेवटच्या कागदानंतर पॉलिश लावून मऊ फडक्याने घासलं आणि प्लास्टिकच्या आतून हळूहळू आरसा वर आला. राहुल त्यात केस विंचरून गेला. आता वरचा लेप राहिला होता. डेंटिंग-पेंटिंगवाले ज्याला नुसतं 'क्लियर' म्हणतात तो फवाऱ्याचा डबा बाबांनी स्पेअर पार्टच्या बाजारातून आणला. पण बाहेर दमट धुकं, त्यात हा लेप दिला तर तो पांढरा पडणार. ऊन पडेल म्हणून थांबलो. ऊन काही पडेना. शेवटी आईने आपलं स्वयंपाकघर दिलं. डबे हलवले, ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली, रॉडचा हीटर लावून खोली कोरडी केली. बाबांनी तोंडाला रुमाल बांधून श्वास धरून पहिला हात दिला. सुरेख बसला. आम्ही दार ओढून बाहेर आलो, आणि आईने बाहेरच्या खोलीत स्टोव्हवर ठेच्यासाठी तेलात मिरच्या टाकल्या. तो ठसका दाराच्या फटीतून आत गेला. आम्ही सगळे खोकत होतो, हसत होतो, कुणाच्या मनातही आलं नाही. दार उघडलं तेव्हा ओल्या लेपावर तेलाच्या वाफेने बारीक बारीक डोळे पडले होते, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखे.

पुन्हा बादली, पुन्हा कागद. दुसऱ्यांदा लेप दिला त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. आई शेजारच्या शुक्ला आंटींकडून सगळ्यांसाठी वाटलेल्या मटारचा निमोना आणि भात घेऊन आली आणि तो आम्ही थंडच जेवलो, कारण गरम केला तर वाफ. लेप वाळला. बाबांनी त्यावरून बोटाचं मागचं पेर फिरवलं, जसं आई बाळाचं कपाळ बघते.

दिवे बसवून चौतीस त्यांनी दफ्तराच्या भिंतीसमोर उभी केली आणि लावले. दोन स्वच्छ गोल, कडा सुरीने कापल्यासारख्या. मिश्रा साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. म्हणाले, "अरे मेश्राम जी, ये तो नई दुल्हन हो गई। इसी में जाइएगा।" हे बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा साहेबांच्या आवाजात.

शेवटच्या दिवशी दफ्तरातल्या कार्यक्रमाला मी गेले. आई आणि राहुल घरी थांबले, कारण गाडी येईल तेव्हा दारात कुणी हवं, आणि आईने गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. आमच्या गल्लीत बाबांच्या दफ्तरातलं दुसरं कुणी राहत नव्हतं. ही रीत पहिल्यांदाच बघायला मिळणार म्हणून शुक्ला आंटींनी नवी साडी नेसली होती. आईने खीर केली, वडे तळले, फोटोसमोर फुलं ठेवली, दारापासून खुर्चीपर्यंत चादर अंथरली.

कार्यक्रम सगळीकडे असतात तसाच होता. समोसे, शाल, भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. बाबांना दोन शब्द बोला म्हणाले. ते उठले, हार सावरला आणि एवढंच म्हणाले, "हमसे आज तक किसी की ट्रेन नहीं छूटी।" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांचा तो हिशेब होता, आणि खरा होता.

बाहेर आलो तर चौतीस धुऊन पुसून पायरीशी उभी. चालवायला दफ्तरातला तरुण ड्रायव्हर, आफताब, कपडे इस्त्री करून आला होता. त्याने मागचं दार उघडून धरलं. बाबांनी एक पाय पुढे टाकला, तोच मिश्रा साहेब भराभर पायऱ्या उतरत आले. दिल्लीहून आलेले मोठे साहेब आतल्या मीटिंगमध्ये अडकले होते, त्यांना विमानतळावर जायचं होतं, आणि त्यांच्यासाठी बोलावलेली किरायाची गाडी धुक्यात कुठेतरी अडकून पडली होती. चार वाजले होते आणि फाटक दिसत नव्हतं. साहेबांनी आधी आफताबकडे पाहिलं, मग चौतीसच्या दिव्यांकडे, मग बाबांकडे.

"मेश्राम जी, इस कोहरे में इसी की लाइट काम की है। और हाथ आपका।" मग थोडं थांबून, हसत, "अभी आप ही ने कहा, किसी की नहीं छूटी।"

मी बोलले. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हणाले, "सर, पापा का आज आख़िरी दिन है। घर पर सब बैठे हैं।" साहेब खरंच ओशाळले. म्हणाले, "जानता हूँ बेटा। इसीलिए तो भरोसा है। लौट के इसी गाड़ी से चले जाएँ, आफताब छोड़ देगा।" आफताब खाली बघत होता. तो म्हणाला, "चाचा, मैं ले जाऊँ?" बाबांनी बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. हा मुलगा वर्षभरापूर्वी शिकलेला, हे ते मनात मोजत असणार. त्यांनी गळ्यातला हार काढला, घडी करून त्या घड्याळाच्या पिशवीत ठेवला आणि शाल माझ्या हातात दिली. मोठे साहेब येईपर्यंत मागचं दार उघडं धरून उभे राहिले. साहेब बसले, डाव्या बाजूला. दार त्यांनी तसंच लावलं जसं ते रोज लावायचे, आवाज न करता. मग मला म्हणाले, "मित्रा, तू घरी जाय. मायले सांगजो, येऊन राहिलो."

दिवे लागले आणि धुक्यात दोन सरळ पांढऱ्या वाटा उघडल्या. मी ते दिवे तेव्हा शेवटचे पाहिले. इतकं सुरेख काम मी नंतर माझ्या हाताने केलं नाही, आणि त्या क्षणी मला वाटलं की ते पिवळेच राहिले असते तर बरं झालं असतं.

मी टेम्पोने, म्हणजे शेअर रिक्षाने, घरी आले. दार उघडताच आईने माझ्यामागे पाहिलं. "बाबा?" खोलीत बायका बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. शुक्ला आंटींच्या हातात फुलं होती. मी म्हणाले, "येऊन राहिले गाडीत. साहेब लोक बसले बरोबर, मला जागा नव्हती." हे मी ठरवून बोलले नाही. ते माझ्या तोंडून आलं, आणि एकदा आल्यावर मी ते परत घेतलं नाही, आजवर नाही.

सहा वाजले, सात वाजले. चहा झाला, वडे थंड झाले. बायका एकेक करून उठल्या, "कोहरा बहुत है, दीदी, कल आएँगे।" आईने प्रत्येकीला वडे बांधून दिले. मग मी शाल घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. बाबा चालत आले. 'लौट के चले जाएँ' म्हटलेली ती गाडी दफ्तरात त्यांनी जमा केली होती. आफताबची ड्युटी संपली होती, चावी परत द्यायची होती, आणि दुसऱ्या कुणाला थांबवणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. टेम्पोने पुरनिया चौकापर्यंत आले, तिथून पायी. मी विचारलं, "विमान मिळालं त्यांना?"

"हाव. मिळालं."

मग मी सांगितलं की आईला मी काय सांगून ठेवलं आहे. मला वाटलं ते रागावतील. बाबा खोटं बोलायचे नाहीत, पेट्रोलच्या एका लिटराचंही नाही. ते पानाच्या टपरीच्या बल्बखाली सरकले. मग त्यांनी पिशवीतून हार काढला. झेंडूच्या पाकळ्या चुरगळल्या होत्या, त्या त्यांनी बोटांनी सरळ केल्या, हार गळ्यात घातला, आणि मान जरा खाली करून माझ्याकडे वळले. मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. आम्ही घरी गेलो.

आई दारातच होती. म्हणाली, "गाडी कुठं आहे?" बाबा म्हणाले, "कोपऱ्यावर सोडलं त्याईनं. गल्लीत वळवाले दिसत नव्हतं." तिने फुलं टाकली, खुर्चीवर बसवलं आणि पायांकडे पाहिलं, बुटांना चिखल होता. राहुल त्या दिवशी, मला आठवतं, मराठीत बोलला. "बाबा, मागे बसले होते ना?" "हाव." आई खिरीची वाटी घेऊन समोर खाली बसली. "कसं वाटलं जी मागं?"

बाबांनी विचार केला. "मागं झटके लय लागते," ते म्हणाले. "सामोर बसलं का समजत नाही."

त्या मार्चमध्ये क्वार्टर सोडून आई-बाबा वर्ध्याला गेले. आई ती गोष्ट गावभर सांगायची, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडायची. साहेब दोन होते, मग तीन झाले. बाबा ऐकत बसायचे. कधी कुणी त्यांना विचारलं तर तेच सांगायचे, मागं झटके लागते. एवढं एक वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून ठेवलं होतं. राहुल लखनौतच राहिला, त्याची मुलं आजीशी फोनवर हिंदीत बोलायची, आणि तीच गोष्ट आजीकडून हिंदीत ऐकायची.

बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला विहारात बरीच माणसं जमली. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, दोघाचौघांनी भाषणं केली. शेवटी कुणीतरी आईला म्हणालं, बाई, दोन शब्द बोला. ती कधी सभेत बोलली नव्हती. पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ह्या माणसानं जल्मभर दुसऱ्याले घरी सोडलं, पण एक दिवस असा आला, का सरकारनं त्याले घरी सोडलं, साहेबाच्या जाग्यावर बसवून. मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, आजोबांच्या वेळचे, काठी दोन्ही हातांत धरून. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "खरं सांगता बाई? मागं बसवलं?"

आई म्हणाली, "हे पोरगी होती तिथं. तिलेच इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. राहुलही. मी उठून उभी राहिले.

"हो," मी म्हणाले. "मागे बसले होते. काच खाली केली होती त्यांनी, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत सगळ्यांना हात करत होते."